कर्ज थकलं, वसुलीवाले मागे लागले: कायदा कुठवर साथ देतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपरी-चिंचवडमधल्या कारखान्यातली नोकरी गेली. वैयक्तिक कर्जाचे तीन हप्ते चुकले, मोबाईल अ‍ॅपवरून घेतलेलं छोटं कर्ज थकलं, दुचाकीचा हप्ता मागेपुढे होतोय आणि गावाकडच्या पतसंस्थेत भावाच्या कर्जाला तुम्ही जामीनदार आहात. वसुलीवाले आता मेहुण्याला, आईला, जुन्या सुपरवायझरला फोन करतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अटक वॉरंट’ येतं, ‘उद्या पोलीस घेऊनच येतो’ अशी धमकी येते. यातलं खरं किती आणि करायचं काय, असं तुम्ही विचारलं आहे.

मी बँकांच्या बाजूने वसुलीचे दावे चालवले आहेत आणि कर्जदारांच्या बाजूनेही उभा राहिलो आहे, त्यामुळे दोन्हीकडची गणितं माहीत आहेत. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कर्ज देणं आहे हा एक विषय, आणि ते वसूल करण्यासाठी तुमच्याशी कसं वागलं जातं हा दुसरा. पहिल्यात तुम्ही कमी पडलात म्हणून दुसऱ्यातले तुमचे हक्क कमी होत नाहीत. उलटंही तितकंच खरं: एजंटाने शिव्या दिल्या म्हणून कर्ज माफ होत नाही. एजंट ही सरमिसळ मुद्दाम करतात, कारण ज्याला लाज वाटते तो तक्रार करत नाही.

अटकेचं आधी बघू, कारण झोप त्यानेच उडते. हप्ता न भरणं हा गुन्हा नाही, तो दिवाणी मामला आहे. बँकेने दावा लावला, हुकूमनामा (पैसे भरण्याचा न्यायालयाचा आदेश) मिळवला, तरी निव्वळ पैसे नाहीत म्हणून कर्जदाराला तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असून लबाडीने टाळतोय हे दाखवावं लागतं. १९८० साली ‘जॉली जॉर्ज वर्गीस’ प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे स्पष्ट करून ठेवलं आहे. स्त्रीला तर पैशाच्या हुकूमनाम्यापोटी अटक करताच येत नाही, तसं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ मध्येच लिहिलं आहे. तेव्हा ‘तुमच्या बायकोलाही उचलू’ म्हणणारा माणूस तुमच्या घाबरण्यावर पोट भरतोय, एवढंच समजा.

फौजदारी भाग येतो तो वेगळ्या दारातून, आणि तिकडे मात्र दुर्लक्ष करू नका. तुम्ही दिलेला धनादेश वटला नाही तर परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८ लागतं. खात्यातून आपोआप हप्ता कापण्याची जी परवानगी आपण सही करून देतो, ती रक्कम नसल्यामुळे परत गेली तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ तसंच काम करतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण क्रम ठरलेला आहे: धनादेश परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर भरायला १५ दिवस, आणि त्यानंतर महिनाभरात तक्रार. म्हणजे वकिलाची नोटीस आली की पाकीट न फोडता परत पाठवण्याचा शहाणपणा करू नका. घ्या, तारीख टाका, उत्तर द्या. कर्ज घेताना खोटी पगारपत्रकं लावली असतील किंवा तारण गाडी परस्पर विकली असेल, तर तिथेही फौजदारी निघू शकते. तुमच्या प्रश्नात तसं काही दिसत नाही.

आता ते व्हॉट्सअ‍ॅपवरचं वॉरंट. वर सिंहाची मुद्रा, खाली गोल शिक्का, मध्ये चुकीच्या इंग्रजीत ‘नॉन बेलेबल’. खरं समन्स असेल तर त्यावर न्यायालयाचं नाव आणि प्रकरण क्रमांक असतो, आणि तो ई-कोर्ट्स सेवेच्या अ‍ॅपवर पाच मिनिटांत तपासता येतो. नवीन फौजदारी प्रक्रिया कायद्यात (नागरिक सुरक्षा संहितेत) समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गानेही बजावता येतं, म्हणून ‘मोबाईलवर आलं म्हणजे खोटंच’ असं गृहीत धरू नका, तपासा. खोटं निघालं तर न्यायालयाच्या नावाने बनावट कागद करून घाबरवणं हा त्यांचा गुन्हा आहे, आणि तुमच्या तक्रारीतला सगळ्यात वजनदार पुरावाही तोच.

दोन कागद मात्र खरे असू शकतात आणि लोक ते फेकून देतात. एक, लोकअदालतीची नोटीस. दावा दाखल होण्याआधी तडजोडीला बोलावणं, एवढाच तिचा अर्थ. एजंट तिला ‘कोर्ट केस लागली’ म्हणून नाचवतो, पण तुमच्यासाठी ती चांगली संधी असते, कारण तिथे बँकेचा अधिकारी समोर बसतो. सही मात्र विचार करून करा: लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. दुसरा कागद लवादाचा, म्हणजे न्यायालयाऐवजी करारानुसार नेमलेल्या पंचाचा. वित्त कंपन्यांच्या करारात लवादाचं कलम हटकून असतं आणि नोटीस ईमेलवर येते, तीही लांबच्या शहरातून. एकतर्फी निवाडा झाला तर त्याची अंमलबजावणी हुकूमनाम्यासारखीच होते. कंपनीने स्वतःच एकटा लवाद नेमला असेल तर त्या नेमणुकीलाच लेखी हरकत घ्या. २०१९ च्या ‘पर्किन्स ईस्टमन’ निकालापासून ही हरकत भक्कम झाली आहे. गप्प बसलात तर तिचा उपयोग करणं अवघड होतं.

आता वागणुकीचे नियम. बँक किंवा वित्त कंपनी असेल तर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण आहे. २००८ पासून तिने वसुली एजंटांवर बंधनं घातली आहेत आणि १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने ती आणखी कडक केली. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन नाही. बचत गटाच्या धर्तीवरच्या सूक्ष्म कर्जांना वेळ त्याहून कमी, ९ ते ६. धमकी नाही, शिवीगाळ नाही, चारचौघांत अपमान नाही, पुन्हापुन्हा फोन करून जीव नकोसा करणं नाही, निनावी फोन नाहीत, खोटी बतावणी नाही, आणि कुटुंबीय, मित्र, अर्जात नाव दिलेले ओळखीचे लोक यांच्या खाजगीपणात घुसखोरी नाही. तुमच्या मेहुण्याचं नाव तुम्ही ‘रेफरन्स’ म्हणून दिलं असेल, तरी रेफरन्स म्हणजे जामीनदार नव्हे. त्याने सही केलेली नाही, तो एक पैसाही देणं लागत नाही, आणि तुमची थकबाकी त्याच्यासमोर उघड करण्याचा कुणाला अधिकार नाही. आईचंही तेच.

एजंटाकडे बँकेचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र असायलाच हवं, आणि तुमचं खातं कोणत्या एजन्सीकडे दिलं हे बँकेने तुम्हाला कळवायला हवं. दारात माणूस आला की पहिलं वाक्य हेच: ‘अधिकारपत्र दाखवा, फोटो काढतो.’ बरेच जण तिथूनच फिरतात.

‘तो आमचा माणूस नाही, एजन्सीचा आहे’ हे शाखेतलं उत्तर ऐकून घेऊ नका. एजंटाच्या कृत्याला बँकच जबाबदार, हे रिझर्व्ह बँक सांगते आणि सर्वोच्च न्यायालयही. २००७ च्या ‘प्रकाश कौर’ प्रकरणात न्यायालयाने गुंडांकरवी वसुली करण्याच्या प्रथेवर कडक ताशेरे ओढले. २००८ चं ‘शांतिदेवी शर्मा’ प्रकरण तर वसुलीवाल्यांच्या जाचानंतर एका तरुणाने केलेल्या आत्महत्येतून उभं राहिलं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडच्या हजारीबागमध्ये ट्रॅक्टर ओढून नेताना एका गर्भवती तरुणीचा मृत्यू झाला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने महिंद्रा फायनान्सला बाहेरच्या एजंटांकरवी वसुली करण्यावर बंदी घातली. ती काही महिन्यांनी उठली. मोठ्या कंपन्यांना दंडापेक्षा असल्या बंदीची भीती जास्त असते, आणि तुमच्या लेखी तक्रारीचं मोल इथेच आहे.

२००८ च्या नियमांत एक बारीक तरतूद आहे, जी फारच थोडे कर्जदार वापरतात. कर्जदाराने तक्रार नोंदवली असेल, तर ती निकाली निघेपर्यंत बँकेने ते खातं वसुली एजन्सीकडे पाठवू नये. अपवाद एकच: तक्रारी उगाच आणि सतत केल्या जात आहेत हे बँकेने पुराव्यानिशी दाखवलं तर. एजंटांच्या फोनवरील संभाषणाचं रेकॉर्डिंग ठेवणंही बँकेकडून अपेक्षित आहे. म्हणून शाखेत जाऊन भांडू नका, एजंटाशी फोनवर हुज्जत घालू नका. बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याचं नाव-पत्ता बँकेच्या संकेतस्थळावर असतो. मजकूर साधा ठेवा: ‘माझं कर्ज खातं अमुक. नोकरी गेल्यामुळे हप्ते थकले आहेत. अमुक तारखेला इतक्या वाजता या नंबरवरून माझ्या आईला फोन करून असं बोललं गेलं. सोबत रेकॉर्डिंग. माझ्याशी संपर्क फक्त ईमेलने किंवा ठरलेल्या वेळेत माझ्याच नंबरवर करावा. एजन्सीचं नाव, तिचं अधिकारपत्र आणि तुमच्याकडची रेकॉर्डिंग द्यावीत. मुद्दल, व्याज, दंड असा थकबाकीचा तपशील द्यावा. हप्ता कमी करून मुदत वाढवण्याचा माझा प्रस्ताव असा आहे.’ हा शेवटचा भाग गाळू नका. भरण्याची तयारी दाखवणारा कर्जदार पुढे लोकपाल, ग्राहक आयोग, न्यायालय सगळीकडे वेगळा दिसतो. जुनी परिपत्रकं आता एकत्रित निर्देशांमध्ये घेतली गेली आहेत, त्यामुळे परिपत्रकाच्या क्रमांकावरून वाद घालत बसू नका. काय घडलं तेच लिहा.

एक सावधगिरी. कर्ज जुनं असेल, शेवटचा भरणा होऊन तीन वर्षं होत आली असतील, तर पत्र लिहिण्याआधी वकिलाला दाखवा. साध्या पैशाच्या वसुलीला मुदत तीन वर्षांची. ती संपण्याआधी तुम्ही लेखी कबुली दिलीत किंवा थोडी रक्कम भरलीत, तर मोजणी नव्याने सुरू होते. ‘पाचशे तरी भरा, साहेबांना दाखवायला’ या आग्रहामागे कधीकधी हेच असतं. तुमचं वैयक्तिक कर्ज ताजं आहे, तिथे हा प्रश्न नाही.

पुराव्याचं म्हणाल तर स्वतःच्या फोनवरचं स्वतःचं संभाषण रेकॉर्ड करा. मूळ फाईल त्याच फोनमध्ये राहू द्या, काटछाट करू नका. न्यायालयात ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह द्यावी लागते. मेहुण्याला आणि सुपरवायझरला सांगा की आलेले मेसेज पुसू नका, नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट पाठवा. सोसायटीत येऊन गोंधळ घातला असेल तर सीसीटीव्हीचं चित्रण त्याच आठवड्यात मागा, नंतर ते पुसलं जातं. आणि रेकॉर्डिंगमध्ये तुमचाही आवाज असतो, तेव्हा समोरच्याच्या तोंडाला लागू नका.

लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर गोलमाल आलं, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, म्हणजे बँका आणि वित्त कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. त्याच्या ‘सीएमएस’ या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार फुकट करता येते, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे, वकील लागत नाही. लोकपालाच्या एकात्मिक योजनेत नुकसानीशिवाय मानसिक त्रासापोटीही भरपाईची तरतूद आहे. हाच विषय आधी न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात नेलात तर लोकपाल तो घेत नाही, म्हणून क्रम पाळा. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात जाता येतं, मुदत दोन वर्षांची. माझा अनुभव सांगायचा तर फोन थांबवायला लोकपालाचा उपयोग चांगला होतो, भरपाईची लढाई आयोगात बरी लढता येते.

पोलिसांकडे गेलात की ‘हा दिवाणी मामला आहे, आपसात मिटवा’ असं ऐकायची तयारी ठेवा. त्यावर शांतपणे सांगा: कर्ज दिवाणी आहे, धमकी दिवाणी नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ गुन्हेगारी धाकदपटशाचं आहे. जिवे मारण्याची किंवा गंभीर दुखापतीची धमकी असेल तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते, आणि नाव लपवून धमकी दिली तर शिक्षेत भर पडते. घरात घुसणं ३२९, स्त्रीला अश्लील बोलणं ७९, पोलीस असल्याची बतावणी २०४. अर्जात कर्जाची कहाणी दोन ओळींत संपवा आणि धमकीचे शब्द जसेच्या तसे लिहा. बऱ्याचदा नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतात. ती घ्या, प्रत मागा, तीही कामाची आहे. गुन्हा दखलपात्र असूनही नोंदवत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांना लेखी पाठवा, तरीही हलले नाहीत तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. कारखान्यातला कामगार म्हणून तुम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलाला पात्र ठरू शकता, पत्नी तर उत्पन्न न बघता पात्र आहे. हेल्पलाइन १५१००.

अ‍ॅपचं प्रकरण वेगळं हाताळा. आधी त्यामागे बँक किंवा नोंदणीकृत वित्त कंपनी आहे का ते बघा. करारात नाव असायला हवं, आणि रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अशा अ‍ॅप्सची यादी आहे. असेल तर वरचे सगळे नियम लागू, शिवाय अ‍ॅपला तुमचे संपर्क, फोटो, कॉलची नोंद यांना हात लावायलाच बंदी आहे. मेहुण्याचा नंबर त्यांच्याकडे कुठून आला, हा प्रश्न मग त्यांनाच अडचणीचा ठरतो. मागे कुणीच सापडत नसेल, आठवड्याभराच्या मुदतीचं कर्ज आणि बदलून टाकलेले फोटो पाठवायची धमकी असा मामला असेल, तर ती खंडणी आहे. एक रुपयाही आणखी देऊ नका; देणाऱ्याकडे मागणी वाढतच जाते. स्क्रीनशॉट घ्या, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार टाका, अ‍ॅपच्या परवानग्या काढा आणि मगच ते उडवा. ओळखीच्यांना आपणच एक मेसेज करा की माझ्या नावाने घाणेरडे फोटो आले तर ते बनावट आहेत. तो मेसेज पाठवणं जड जातं, पण त्यांच्या हातातलं हत्यार त्यानेच बोथट होतं.

दुचाकीबाबत थोडं सांभाळून. गाडी तारण आहे, करारात ताबा घेण्याचं कलम असतं, आणि ते असेल तर कंपनी ताबा घेऊ शकते. पण रस्त्यात अडवून, किल्ली हिसकावून, धक्काबुक्की करून नाही; ताबा कायदेशीर मार्गानेच घ्यायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या ‘सिटीकॉर्प मारुती’ प्रकरणात म्हटलं आहे. करारातली नोटीस, ताब्याची पद्धत, विक्रीपूर्वी भरण्याची शेवटची संधी हे सगळं पाळावं लागतं. नाक्यावर चौघांनी घेरलं तर मारामारी नको. ११२ लावा आणि अधिकारपत्राचा फोटो घ्या. गाडी नेलीच तर कुठे ठेवली, किती किलोमीटर झाले, सोबत काय सामान होतं याची लेखी पोच मागा. लिलावानंतर ‘अजून इतके बाकी’ म्हणून पत्र येतं, तेव्हा हा कागद लागतो.

पतसंस्थेचा मामला मला यातला सगळ्यात गंभीर वाटतो, आणि तुम्ही तो शेवटी एका ओळीत लिहिला आहे. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नाही, लोकपालही नाही. तिथे १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा चालतो. संस्था दिवाणी दावा लावत नाही. कलम १०१ खाली निबंधकाकडे अर्ज करून वसुली दाखला घेते. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, ‘आधी भावाला पकडा’ म्हणता येत नाही. १०१ ची नोटीस आली की ठरलेल्या तारखेला हजर राहा, खातेउतारा मागा, व्याजाच्या आकारणीला तिथेच लेखी हरकत घ्या. दाखला निघाल्यावर पुनरीक्षण (फेरतपासणीचा) अर्ज करायचा तर कलम १५४ प्रमाणे आधी निम्मी रक्कम भरावी लागते, आणि तिथेच बहुतेकांचा दम संपतो. पतसंस्थेचा वसुली अधिकारी आणि बँकेचा एजंट यांत फरक आहे: याच कायद्याच्या १५६ कलमाचे अधिकार असलेला अधिकारी त्याखालच्या नियम १०७ प्रमाणे खरोखर जप्ती करू शकतो. दाखल्याची प्रत आणि त्याचं अधिकारपत्र बघा. ते खरं असेल तर अडवू नका. मात्र दारात ठिय्या मारणं किंवा चौकात नावाचा फलक लावणं या अधिकारात बसत नाही. त्याची तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करा, आणि धमकी असेल तर पोलिसांकडे.

यात कुठे खाजगी सावकार शिरला असेल तर परवाना विचारा. बिनपरवाना सावकारीला २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि व्याजापोटी लिहून घेतलेली जमीन परत मिळवण्याचा मार्गही त्याच कायद्यात, जिल्हा निबंधकामार्फत आहे.

‘पगार थांबवू’ ही धमकी एजंटाच्या हातातली नाही. पगार जप्त होतो तो न्यायालयाच्या हुकमाने, तोही ठरलेल्या मर्यादेत. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीला हात लागत नाही. पण नव्या नोकरीचा पगार कर्ज असलेल्याच बँकेत जमा होत असेल तर बँक त्यातून थकबाकी वळती करू शकते. पगाराचं खातं दुसरीकडे उघडा.

रात्री फोन वाजला की छातीत धडधडतं, असंही तुम्ही लिहिलं आहे. घरात एकाला तरी सगळे आकडे खरे सांगा, आणि फारच जड वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

तडजोडीपर्यंत गाडी येईलच. एजंट फोनवर ‘चाळीस टक्क्यांत मिटवतो’ म्हणेल. बँकेच्या अधिकृत ईमेलवरून पत्र आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि दिलेत तर थेट कर्ज खात्यात, एजंटाच्या यूपीआयवर कधीही नाही. दंडाची रक्कम स्वतंत्र दाखवायला सांगा: १ एप्रिल २०२४ पासून दंड व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्या दंडावर पुढे व्याजही चढत नाही. तडजोडीची नोंद सिबिलवर ‘सेटल्ड’ अशी होते आणि पुढच्या कर्जाला ती आड येते, म्हणून जमत असेल तर सवलतीपेक्षा मुदतवाढ मागा. शेवटचा भरणा झाला की देणं नसल्याचा दाखला, दिलेले कोरे धनादेश आणि खात्यातून कपातीची परवानगी रद्द केल्याचा पुरावा, हे तिन्ही एकाच दिवशी मागून घ्या.